अक्का, तुम्ही शांतपणे गेलात का?

रूथअक्का,

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. "सुशीलाबाई, अक्कांच्या सगळ्यांत जवळच्या तुम्ही. दोन शब्द बोला," म्हणाले. त्याआधी ते स्वतः बोलले होते. रूथअक्का पूर्ण शांतीत, प्रभूवर भरवसा ठेवून गेल्या, असं त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या बाकांवरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी उठून पुढं गेले. आपली सगळी मराठी मंडळी, तीस-पस्तीस माणसं, माझ्याकडं बघत होती. मंडळीला नेहमीसारखा "सलाम" कसाबसा म्हटला आणि जागेवर येऊन बसले.

सगळ्यांना वाटलं, मला रडू आवरेना. यांनीही तसंच समजून माझ्या हातात रुमाल दिला. पण अक्का, मला रडू येतच नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले ते खरं की खोटं, हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही शांतपणे गेलात का? ज्या खोलीत तुम्ही गेलात तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी होते. आणि मलाच माहीत नाही.

आज बारा दिवस झाले. शेजारच्या अम्मांनी सकाळी विचारलं, तुमच्यात दहावं-बारावं काही करत नाहीत का? नाही करत, म्हटलं. "मग तुम्हाला कळतं कसं, आता रडणं थांबवायचं ते?" असं त्या म्हणाल्या. असल्या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर असायचं. मी आत येऊन हे लिहायला बसले.

निपाणीहून आम्ही इथं आलो तेव्हा मला बेंगळूरमध्ये कुणीच ओळखीचं नव्हतं. यांना कारखान्यात फिटरचं काम लागलं, शिवाजीनगरात दोन खोल्या मिळाल्या. कन्नड मला येत होतं, पण प्रार्थना कन्नडमध्ये करायची म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं वाटायचं. मग कुणीतरी सांगितलं, मिशनच्या दवाखान्यात एक मराठी नर्स आहे, तिच्या खोलीवर रविवारी संध्याकाळी आठ-दहा मराठी घरं जमतात. आम्ही आलो. तुम्ही दारातच म्हणालात, "ये गे, स्वल्प बस, कॉफी टाकते. मराठी देव पण कॉफीशिवाय येत नाही." तुमचं ते कन्नडमिश्रित मराठी ऐकून मला हसू फुटलं. तुमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं, मल्लेश्वरमला घर, सोवळं-ओवळं सगळं. बाविसाव्या वर्षी तुम्ही बाप्तिस्मा घेतलात आणि त्या घराचं दार बंद झालं. आमच्याकडं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म. मला तो घरातल्या भांड्यांसारखा आयता मिळालेला. तुम्ही त्याच्यासाठी आई सोडलीत, भाऊ सोडलात. त्याबद्दल कधी विचारलं तर एवढंच म्हणायचात, "दार लागलं. सरी. दुसरं उघडलं." सरी, म्हणजे बरं, ठीक. तुमचं प्रत्येक बोलणं त्या शब्दावर येऊन थांबायचं.

आता अरुणचं लिहायला हवं. लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

अरुण सहा वर्षांचा होता. आमचं निपाणी म्हैसूर राज्यात आलं, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी तुमच्या खोलीवर प्रार्थना चालली होती आणि तो माझ्या मांडीवर डोकं टाकून पडला होता. घसा दुखतोय म्हणाला. प्रार्थना संपल्यावर तुम्ही त्याला खिडकीपाशी नेलंत, चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबून आत पाहिलंत. "टॉन्सिल आहेत गे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दे. बरं होईल दोन दिवसांत." मी दोन दिवस गुळण्या दिल्या. मंगळवारी सकाळी त्याला श्वास घेता येईना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, घटसर्प आहे, आणायला उशीर केलात. बुधवारी दुपारच्या आत तो गेला.

घर माणसांनी भरलं. लोक काय काय बोलत होते. देवाला फुलं आवडतात म्हणून तो कळ्याच नेतो, असंही कुणी म्हणालं. मी ऐकत नव्हते. मग तुम्ही त्याच्या उशाशी उभ्या राहिलात, डोळे मिटलेत आणि खणखणीत आवाजात प्रार्थना केलीत. प्रभू, तुझी इच्छा पूर्ण झाली, आम्ही तुझे उपकार मानतो, असं म्हणालात. उपकार! माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. सगळ्यांसमोर मी ओरडले, "उपकार तुमच्या घरी जाऊन माना. इथून जा, अक्का."

तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडं पाहिलंत, "सरी" म्हणालात आणि चपला घालून निघून गेलात.

अकरा महिने आपण बोललो नाही. मी रविवारचं येणं सोडलं. बाजारात तुमची पांढरी साडी लांबून दिसली की मी रस्ता ओलांडायची. तुम्हीही कधी हाक मारली नाहीत. मला वाटायचं, त्या प्रार्थनेची तुम्हाला लाज वाटत असेल. त्या चमच्याचं माझ्या मनात आलंच नाही असं म्हणणार नाही. आलं, आणि मी ते मागं ढकललं. कारण तुम्हाला दोष दिला तर मलाही द्यावा लागला असता. आई मी होते. दोन दिवस गुळण्या मी देत होते.

मग एका शनिवारी सकाळी तुम्ही दारात उभ्या. हातात नाचणीच्या पिठाची पिशवी.

"आनेकलला जाते आहे. एका बाईचं लेकरू गेलंय. येशील?"

"मी कशाला?"

"मला एकटीला जाववत नाही गे."

तुमच्यावर दया येऊन मी निघाले नाही, अक्का. ही बाई तिथंही जाऊन देवाचे उपकार मानील आणि त्या बिचारीला फाडून टाकील, तिला अडवायला कुणीतरी हवं, म्हणून मी साडी बदलली. बसमध्ये आपण शेजारी बसलो आणि आनेकल येईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही.

मरियम्मा तिचं नाव. नवरा खाणीत दगड फोडणारा. आठ महिन्यांची मुलगी तापानं गेली होती. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. तुम्ही तिला पेज करून पाजलीत. तुम्ही नर्स आहात हे कळल्यावर ती तुमच्याकडं वळली आणि कन्नडमध्ये म्हणाली, "अक्का, ताप उतरावा म्हणून घरचा काढा मीच पाजला. दुसऱ्या दिवशी ती गेली. माझ्याच हातानं मेली का ती?"

तुम्ही तोंड उघडलंत. शब्द आला नाही. मी तुम्हाला असं कधीच पाहिलं नव्हतं. ती बाई तुमच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मला ते बघवेना. म्हणून मीच बोलले. "नाही. ज्या हातानं काढा दिलास त्याच हातानं तू तिला भरवत होतीस. देव तो हात ओळखतो. तो तुला दोष देणार नाही."

हे मी कुठून आणलं, अक्का? मी अकरा महिन्यांत एक प्रार्थना केली नव्हती. देव काय ओळखतो आणि काय नाही, हे सांगणारी मी कोण? पण मरियम्मा ते ऐकून मोठ्यानं रडायला लागली, माझ्या मांडीवर पडून रडली. मी वर पाहिलं तर तुम्ही तिथं नव्हतात. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी तुम्ही तोंडावर पाणी मारत होतात. पुन्हा पुन्हा मारत होतात.

परतताना बसमध्ये तुम्ही विचारलंत, "ते तू मनापासून म्हणालीस?"

मला राग आला. वाटलं, ही माझ्या विश्वासाची परीक्षा घेते आहे. "मनापासून? तिला दुसरं काय सांगणार होते मी?" असं तोडून टाकलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. तुम्हाला गप्प केलं याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं.

त्यानंतर किती घरांत गेलो आपण दोघी! रविवारचं माझं येणं पुन्हा कधी सुरू झालं ते मलाही सांगता येणार नाही. कुणाकडं मयत झालं, कुणाचा नवरा अंथरुणाला खिळला, की तुम्ही यायचात, आणि मी शाळेत शिवण शिकवायची, तिथल्या मुलींना सुट्टी देऊन निघायची. तुमचा नियम होता, समोरचं माणूस काहीतरी प्यायल्याशिवाय देवाचं नाव काढायचं नाही. एकदा एका म्हाताऱ्या विधुरानं तुमची पेज प्यायल्यावर सांगितलं, बाई, प्रार्थना नको, आणखी वाटीभर असेल तर द्या. तुम्ही इतक्या हसलात की त्यालाही हसू आलं, आणि मग त्यानं आपणहून प्रार्थना मागितली. गाणं मात्र तुम्ही भयंकर म्हणायचात. मी तुमचा सूर झाकायला मोठ्यानं गायची, आणि लोक माझ्या भक्तीचं कौतुक करायचे.

बसमध्ये आपलं भांडण ठरलेलं. शास्त्रात सांगितलंय की देवानं आपलं सांत्वन केलं ते यासाठी, की आपण दुसऱ्याचं करावं. मी म्हणायची, माझं कुठं केलंय? मला मिळालंच नाही ते मी वाटते आहे, ही फसवणूक नव्हे का? तुम्ही म्हणायचात, "वाटताना तुझा हात रिकामा होता का? नाही ना? मग कुणीतरी ठेवलं असेल गे." मी म्हणायची, भरवसा ठेवायला आधी काहीतरी समजायला नको? तुम्ही म्हणायचात, समजलं तर भरवसा कशाला पाहिजे. मी म्हणायची, असं असेल तर आपल्या मंडळीतली सगळ्यांत मठ्ठ बाई सगळ्यांत विश्वासू ठरेल. कंडक्टर मागं वळून बघायचा. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं, की "देवाची इच्छा" हे शब्द तुम्ही पुन्हा कुणाच्या घरी उच्चारले नाहीत. एकदा कारण विचारलं तर म्हणालात, "जीभ वळत नाही आता." मी त्याचा अर्थ आपल्या बाजूनं लावला. वाटलं, वाद मी जिंकले.

यंदा नाताळानंतर तुमचं पोट दुखायला लागलं. तुम्हाला डॉक्टरांआधीच कळलं असणार. कर्करोग म्हटल्यावर मी रडले, तुम्ही नाही. पण मग तुम्ही एकेक गोष्ट बंद करत गेलात. रविवारची मंडळी तुमच्या खोलीवरून चर्चमध्ये हलवलीत. पाळकसाहेबांना स्वल्प दिवस येऊ नका म्हणून कळवायला सांगितलंत. मी हात जोडून डोळे मिटले की म्हणायचात, "नको. माझ्यासाठी नको." मी घाबरले. दुसऱ्यांच्या उशाशी बसून तुम्ही आयुष्यभर प्रार्थना केल्यात, आणि स्वतःच्या उशाशी ती नको?

"अक्का, भरवसा गेला का?"

"आहे. पण त्याच्याकडं बघायला तोंड नाही."

मी समजले, दुखण्यामुळं बोलताहात.

तुम्ही जाण्याआधीच्या गुरुवारी दुपारी मी तुमचे केस विंचरत होते. तुमची पाठ माझ्याकडं होती. तशाच बसून तुम्ही बोललात. "सुशी, त्या रविवारी अरुणच्या घशात मला पांढरं दिसलं होतं."

माझा हात थांबला.

"घटसर्प असेल, असं मनात आलं. मग वाटलं, नसेल. तेव्हाच बोलले असते तर सगळे आपापली लेकरं उचलून पळाले असते. म्हटलं, सकाळी येऊन पुन्हा बघू. सकाळी वॉर्डात दोन बाळंतपणं आली. विसरले गे मी. मंगळवारी तू त्याला घेऊन आलीस तेव्हा आठवलं."

तुम्ही पुढं म्हणालात, "देवाची इच्छा म्हणाले तेव्हा मला ती त्याचीच असायला हवी होती. नाहीतर मग माझी होती. नऊ वर्षं हेच सांगायला तुझ्या दारात येत होते. दर वेळी तुला घेऊन दुसऱ्याच कुणाच्या घरी गेले."

मी फणी खाटेवर ठेवली आणि निघून आले. केस अर्धे विंचरलेले, तसेच सोडून. शुक्रवारी आले नाही. शनिवारी आले नाही. घरी यांना सांगितलं, अक्कांकडं दवाखान्यातल्या नर्सा आहेत. त्या दोन दिवसांत मी भात करपवला, शाळेत मुलींवर खेकसले, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मरियम्माला मी जे सांगितलं ते तुम्ही ऐकत होतात. ते शब्द तुम्ही स्वतःसाठी घेतले होते का? बसमध्ये विचारलंत, मनापासून का, तो माझ्या विश्वासाचा प्रश्न नव्हताच तर. आणि मी तोडून टाकलं. मला माहीत असतं तर त्या खोलीत मी ते शब्द उच्चारले असते का? नसते, अक्का. आज मला ते पक्कं ठाऊक आहे. मग ते शब्द खोटे ठरतात की खरे? देव काढा देणारा हात ओळखतो आणि विसरणारा हात ओळखत नाही, असं कसं म्हणू?

रविवारी सकाळी मी आले. तुमच्या खोलीखालच्या वर्कशॉपवाल्याची बायको तुम्हाला चमच्यानं पाणी देत होती. मला पाहून उठली आणि खाली गेली. तुमचे केस कुणीतरी विंचरले होते. तुमचा श्वास थांबत थांबत येत होता. मी खाली वाकून म्हटलं, "अक्का, मी आले."

तुम्ही डोळे उघडलेत. "सरी," म्हणालात.

मग तासाभरानं गेलात. मी त्या तासात तुमचा हात धरून बसले होते आणि क्षमा केली हे दोन शब्द म्हणायचा प्रयत्न करत होते. ओठांपर्यंत आले. पण तोंडातून निघाले नाहीत. प्रार्थनाही केली नाही, कारण तुम्ही नको म्हटलं होतंत आणि ते बरोबर की चूक हे मला कळत नव्हतं. तुमचं ते सरी कशाला होतं? मी आले ते बरं केलं, म्हणून? नाही बोललीस तरी चालेल, म्हणून? की मी दोन दिवस आले नाही ती मी दिलेली शिक्षा तुम्ही मान्य केलीत? की ते माझ्याशी नव्हतंच, मला दिसत नव्हतं अशा कुणाशी होतं? पाळकसाहेबांना मी एवढंच सांगितलं, शेवटी सरी म्हणाल्या. त्यांनी त्याचा अर्थ शांती असा लावला. त्यांची चूक नाही.

काल दुपारी एक गृहस्थ घरी आले. धोतर, काळा कोट, पन्नाशी उलटलेले. दारातच उभे राहून तुमच्यासारख्याच मराठीत म्हणाले, "तुळसाचा भाऊ मी." मला क्षणभर कळेना. मग त्यांच्या नाकाकडं पाहिलं. अक्का, तुमचंच नाक. तुमचं नाव तुळसा होतं, हे मला काल कळलं.

नारायण त्यांचं नाव. तुम्ही गेल्याचं अण्णांना दवाखान्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसले. मी पाणी दिलं, कॉफी दिली. प्यायले. मग विचारलं, "शेवटी तिनं आमच्यातलं कुणाचं नाव घेतलं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ते हो ऐकायलाच आले होते. मी म्हटलं, "नाही, अण्णा. त्यांना बोलवतच नव्हतं. एकच शब्द बोलल्या." कुठला ते सांगितलं. ते अचानक हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाले, "लहानपणी आम्ही भांडलो की मी रडत बसायचो आणि ती येऊन सरी म्हणायची. म्हणजे भांडण संपलं. कोण चुकलं ते नंतर बोलायचं नाही."

मी त्यांना विचारलं नव्हतं, अक्का. त्यांनी आपणहून सांगितलं. ते माझं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलांचं भांडण आणि हे, एक नव्हे. पण मी उठून आत गेले आणि बारा दिवसांत पहिल्यांदा रडले.

बाहेर आले तर ते कोट सावरून उभे होते. निघता निघेनात. मग म्हणाले, "आई आहे अजून. पंच्याऐंशीची. वडील गेल्यापासून दर सणाला मला विचारते, तुळसा कशी आहे. मी बरी आहे म्हणून सांगतो. मी कधी बघायला आलो नाही, पण बरी आहे म्हणायचो. आता काय सांगू? तुम्ही याल का?"

मी येते म्हटलं. का म्हटलं, विचारू नका. यांना सांगितलं तर म्हणाले, त्या सोवळ्याच्या घरात तू जाऊन काय करणार? मलाही माहीत नाही. तुम्हाला क्षमा केली का, तेही माहीत नाही. कधी वाटतं, केली. मग अरुणचं दप्तर डोळ्यांसमोर येतं. देवावर माझा भरवसा आहे का, तर तो असल्याखेरीज मी बारा दिवस त्याच्याशी भांडले नसते, एवढंच सांगता येईल.

अण्णा जाताना म्हणाले, आईला ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोलावं लागेल. म्हणजे गुळमुळीत सांत्वन तिथं चालायचं नाही. थोडंच बोलायचं, आणि ओरडून सांगितलं तरी लाज वाटणार नाही असं बोलायचं. सकाळपासून स्वयंपाकघरात मी एकेक वाक्य मोठ्यानं म्हणून बघते आहे. ती प्रभूजवळ आहे, हे म्हणून पाहिलं. ती शांतपणे गेली, हे म्हणून पाहिलं. आवाज मध्येच बारीक होतो.

एकच वाक्य शेवटपर्यंत मोठ्यानं म्हणता आलं. उद्या मल्लेश्वरमला जाऊन तेच सांगणार आहे. अम्मा, तुमच्या लेकीचा हात माझ्या हातात होता.